एक दात मागे

सकाळी साडेआठला इन्सा फोल्कर्ट्स रंगमंचाच्या मागच्या दाराने आत येई, कोट खुंटीला लावी आणि दिवे उठवी. 'उठवणे' हा शब्द जुन्या प्रकाशप्रमुखांचा, ओको मास्टरांचा. समुद्रकाठच्या नोर्डरडाइक गावच्या नगर-नाट्यगृहात पुढे सगळेच तो वापरू लागले. वरच्या पाइपला उलटे टांगलेले ते फिरते दिवे. वीज मिळाली की प्रत्येक दिवा आधी मान एका बाजूला टोकापर्यंत फिरवी, अडला की मागे येई, मग डोके खाली-वर करून पाही, आणि आपले शून्य सापडले की स्थिर होई. इन्सा त्या वेळी रंगमंचाच्या मधोमध डोळे मिटून उभी असे. बघण्यासारखे त्यात काही नव्हते, ऐकण्यासारखे होते. कोरडे पडलेले बेअरिंग, सैल झालेला पट्टा, धुळीने दमलेला पंखा, सगळे तिला त्या अर्ध्या मिनिटात कळे.

"आज कोण रडतंय?" सोन्के कॉफीचा पेला घेऊन विचारी. हा प्रकाश विभागाचा प्रमुख, तिच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान.

"रोझा. पंख्यात काहीतरी अडकलंय."

"तुला कसं कळतं गं? मला सगळ्या सारख्याच घरघरताना ऐकू येतात."

"तू कान कॉफीत बुडवून ठेवतोस, म्हणून."

आणि रोझाचे झाकण काढले की आतून खरोखरच कागदी बर्फाची चिमूट निघे. २००३ साली नाताळच्या बालनाट्यात वरून पाडलेला बर्फ. इतकी वर्षे कुठल्या फटीत दडून बसला होता कोण जाणे. इन्सा तो फेकत नसे. जामच्या एका रिकाम्या बाटलीत टाकून ठेवी.

दिव्यांना गायींची नावे होती. रोझा, आल्मा, क्लारा, बेर्टा, लीना अशी बारा. ओको मास्टर शेतकऱ्याच्या घरातले. त्यांच्याकडे गोठ्यात प्रत्येक गायीच्या डोक्यावर खडूने नाव लिहिलेली पाटी असे. १९९७च्या उन्हाळ्यात हे दिवे पेट्यांमधून आले, तेव्हा मास्टरांनी बारा पाट्या रंगवल्या आणि पाइपवर ओळीने बांधल्या. "आकड्याने हाक मारली की जनावर दूध देत नाही," असे ते म्हणत. प्रेक्षकांना त्या पाट्या कधी दिसल्या नाहीत. दिसल्या असत्या तरी त्या भागात कुणाला आश्चर्य वाटले नसते.

दिवे नवे नव्हते. मोठ्या शहरातल्या एका संगीत नाटक कंपनीने गाशा गुंडाळला, तिच्याकडून ते घेतलेले. आतले पट्टे वाळून कडक झालेले, भिंगांवर धुराचा चिकट थर, रंगीत काचांपैकी निम्म्या तडकलेल्या. नाट्यगृहातले जुने लोक शिडीवर चढून हाताने दिवे वळवण्यात हयात घालवलेले. त्यांनी या मोटरवाल्या जनावरांकडे पाहिले आणि मान फिरवली. "स्वतःच्या मर्जीने फिरणारा दिवा? आमच्या घरी बायको आहे तेवढी पुरे," असे त्यांच्यातला एक जण म्हणाला आणि बाकीचे हसले.

म्हणून इन्सा आली. ती तेव्हा अडतीस वर्षांची होती आणि तिचा धंदा नुकताच जगातून नाहीसा झाला होता. सोळाव्या वर्षापासून ती टाइपरायटर दुरुस्त करत असे. बंदर कचेरी, जकात, दोन शाळा, वकील, झाडून सगळ्यांची यंत्रे तिच्या मालकाच्या दुकानात येत. अक्षरांच्या काड्या सरळ करणे, रबरी रूळ घासणे, स्प्रिंगचा ताण बोटाने मापणे हे तिचे काम. मग संगणक आले आणि पाच वर्षांत दुकानाच्या जागी चष्म्यांचे दुकान झाले. नाट्यगृहाने तिला तीन महिन्यांसाठी कच्च्या नोकरीवर ठेवून घेतले. टाइपरायटरवालीला दिवे काय कळणार, असे व्यवस्थापकांचे मत होते आणि ते त्यांनी लपवलेही नव्हते.

पहिल्या दिवशी मास्टरांनी तिला माळ्यावरची खोली दाखवली. उतरत्या छपराखाली एक लांब टेबल, कालव्याकडे उघडणारी खिडकी, आणि जमिनीवर बारा दिवे, कत्तलखान्याबाहेर बसवलेल्या जनावरांसारखे माना टाकून.

"यांच्यात किती मोटरी आहेत ठाऊक आहे?" मास्टरांनी विचारले.

"नाही."

"मलाही नाही. मोज, आणि मग मला सांग."

प्रत्येकात नऊ होत्या. मान फिरवायला एक, डोके हलवायला एक, रंग, नक्षी, पाकळ्या, भिंग, असे प्रत्येकाला एकेक. इन्साने बाराही दिवे उघडले. अंड्यांच्या कागदी खोक्यांत तिने स्क्रू वेगवेगळे ठेवले, डुकराच्या केसांच्या कुंचल्याने धूळ काढली, सुती हातमोजे घालून काचा पुसल्या. बोटाचा ठसा काचेवर राहिला तर दिवा तापल्यावर काच तिथेच तडकते, हे तिला कुणी सांगितले नव्हते. तिसरी काच तडकल्यावर कळले. पण दातेरी पट्टा आणि दातेरी चाक हे तिच्या ओळखीचे होते. टाइपरायटरचा गाडा काय, दिव्याची मान काय, सरकताना दोन्ही सारखीच कुरकुर करतात. सप्टेंबरच्या अखेरीस बारा दिवे पाइपवर चढले, उठले, आणि सगळे उठले. मास्टर खाली उभे राहून बराच वेळ वर पाहत होते. मग म्हणाले, "चल, चहा घेऊ." त्यांच्या तोंडून ही मोठीच शाबासकी होती.

त्याच शरद ऋतूत 'धक्क्यावरची बाई' रंगमंचावर आले. किनाऱ्यावरच्या बोलीतले, दोन अंकी, साधे नाटक. बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीच्या धक्क्यावर चाळीस वर्षे तिकिटे विकणारी एक बाई. धक्का बंद होतो त्या दिवशी ती खिडकी लावते, बाहेर येते आणि उतारूंसाठी ठेवलेल्या बाकावर जाऊन बसते. चाळीस वर्षांत ती त्या बाकावर एकदाही बसलेली नसते. शेवटची चार मिनिटे शब्द नाहीत. एकच दिवा तिच्या पुढे-पुढे सरकत बाकापर्यंत जातो, थांबतो, आणि हळूहळू लहान होत तिच्या मांडीवरच्या हातांएवढा उरतो. तो दिवा म्हणजे आल्मा.

ती भूमिका थेडा मामेन करत असत. पहिल्या प्रयोगाला त्या सत्तावन्न वर्षांच्या होत्या आणि त्यांना पांढरा टोप लावावा लागे. नाटक चालले. दर वर्षी दहा-बारा प्रयोग, शाळांसाठी दोन, बेटावरचे लोक बोट भाड्याने करून येत. मास्टर निवृत्त झाले, व्यवस्थापक तीन बदलले, टोप केव्हाच पेटीत गेला आणि नाटक चालूच राहिले. नाट्यगृहात नवे दिवे आले. कमी वीज खाणारे, पंख्याचा आवाज नसलेले, पांढरे आणि शहाणे. जुन्या बारांपैकी सात दिवे एकेक करून माळ्यावर गेले आणि उरलेल्या पाचांना सुटे भाग पुरवू लागले. ते पाच फक्त या एका नाटकासाठी टांगले जात. त्यांच्याबरोबर आलेला लाइटचा जुना बोर्डही त्यासाठीच ठेवला होता. नाटकातली दिव्यांची प्रत्येक हालचाल एका चकतीवर नोंदलेली होती. बोर्ड ती चकती वाचू शके, पण आता तिच्यावर लिहू शकत नसे. कुणी लिहायला गेले असते तर सगळेच पुसले जाण्याची भीती होती.

२०१९च्या मे महिन्यात ठरले की हे नाटक आता थांबवायचे. शेवटचा प्रयोग रविवारी दुपारी तीन वाजता. थेडाबाई एकोणऐंशींच्या झाल्या होत्या आणि दोन वर्षांपासून त्यांची नजर गेली होती. अगदी काळोख नव्हे. कडेने थोडे दिसे, मध्ये मात्र राखाडी डाग. माणसाचा चेहरा त्यांना दिसत नसे, जमिनीवरच्या खुणा दिसत नसत. उजेड आणि अंधार यांच्यामधला काठ तेवढा दिसे.

"आल्मा पुढे चालते, मी तिच्या मागून जाते," त्या सांगत. "अकरा पावलं. अकराव्याला ती थांबते, माझ्या तोंडावर पूर्ण उजेड येतो, मग मी वळते आणि बसते. मागे वळून बघायचं नाही, हात लावून चाचपायचं नाही. ती बाई चाळीस वर्षं त्या बाकाकडे बघत होती. तिला चाचपायची काय गरज?"

गुरुवारी सकाळी दिवे उठवताना वरून कडकन आवाज आला. इन्साने डोळे उघडले. आल्माची मान लुळी पडून लोंबत होती.

पाइप खाली घेतला. पट्टा तुटला होता, आणि तुटता तुटता त्याने मानेच्या मोठ्या चाकाचे तीन तुकडे केले होते. इतक्या वर्षांच्या उष्णतेने ते चाक बिस्किटासारखे ठिसूळ झाले होते. इन्सा घाबरली नाही. माळ्यावर क्लारा पडून होती. २०११ साली तिचे मुख्य सर्किट जळाले होते, पण तिचे चाक धडधाकट होते. पट्टा नवाच शिल्लक होता. दुपारपर्यंत क्लाराचे चाक आल्माच्या मानेत बसले.

इन्साची कामाची एक पद्धत होती. पट्टा बदलताना ती आधी जुन्या पट्ट्याजवळ दोन्ही चाकांवर पांढऱ्या रंगाचा ठिपका लावी आणि नवा पट्टा नेमका त्या ठिपक्यांवर चढवी. दर चार वर्षांनी, न चुकता. मानेचे शून्य कुठे हे दिव्याला सांगणारी बारीक जीभ मोटरच्या लहान चाकाशी होती. म्हणून पट्टा जिथला तिथेच बसला पाहिजे, नाहीतर दिवा आपले शून्य शोधतो खरा, पण पाहतो भलतीकडे. या खेपेला तिचे ठिपके तुटलेल्या चाकाबरोबर गेले होते. तुकडे जुळवून पाहावेत असे तिच्या मनातही आले नाही, कारण कारखान्याने कोरलेला बाण समोरच होता. चाकावर बाण, दिव्याच्या खोक्यावर रेघ. तिने बाण रेघेसमोर आणला, भिंग लावून पाहिला, केसभरही फरक नव्हता. आल्मा उठली तेव्हा एवढी गुळगुळीत फिरली की सोन्केने खालून टाळ्या वाजवल्या.

"बघ, म्हातारी नव्या नवरीसारखी वळतेय!"

"जरा हळू बोल. ऐकेल आणि लाडावेल," इन्सा म्हणाली. त्या दिवशी ती खुशीत होती.

शनिवारी दहाला तालीम होती. थेडाबाई खिडकी लावून बाहेर आल्या. आल्मा उजळली, पुढे सरकू लागली. त्या मागून चालल्या. अकराव्या पावलाला उजेड तोंडावर आला, त्या वळल्या, आणि बसल्या. बाक तिथे नव्हता. तो उजवीकडे हातभर अंतरावर होता.

आवाज फार मोठा झाला नाही. त्या कुशीवर पडल्या आणि क्षणभर तशाच राहिल्या. सगळे धावले. इन्सा विंगेतून सर्वांत आधी पोहोचली.

"थेडाबाई! कुठे लागलं?"

"अभिमानाला. बाकी शाबूत आहे." त्या उठून बसल्या. "बाक कुणी हलवला?"

बाक कुणीच हलवला नव्हता. तो जमिनीतल्या दोन खाचांत बसलेला होता. हलली होती आल्मा.

व्यवस्थापक आला. तरुण माणूस, वाईट नव्हता, घाबरलेला होता. त्याने सुचवले की बाक तेवढा हातभर सरकवावा.

"बाक हलवाल, पण इतर चार दिवे त्याच्यावर लावलेले आहेत त्यांचं काय?" सोन्के म्हणाला. "आणि चकतीवर तर लिहिताच येत नाही."

नवा दिवा लावून पाहिला. थेडाबाईंनी दोनदा चालून पाहिले आणि मान हलवली. "याला काठ नाही. सगळीकडून दूध सांडल्यासारखा येतो. मी कुणाच्या मागून जाऊ?"

शेवटी व्यवस्थापक म्हणाला, "मामेनबाई, मला तुमची काळजी वाटते. उद्यापर्यंत तो दिवा जागेवर आला नाही, तर शेवटच्या प्रसंगात कुणीतरी तुमचा हात धरून बाकापर्यंत आणेल. ते चालणार नसेल तर प्रयोग रद्द करावा लागेल."

"हात धरून?" थेडाबाई म्हणाल्या. "मग त्या हातालाच बाकावर बसवा. मी घरी जाते."

त्या रागावल्या नव्हत्या, आणि तेच वाईट होते. कोट घालताना त्यांनी इन्साकडे तोंड वळवले, म्हणजे जिथून इन्साचा आवाज आला होता तिकडे. "बावीस वर्षं केली मी ही बाई. शेवटच्या दिवशी तिला तिच्या पायांनी बसू द्यावं, एवढंच वाटतं. तू बघशील ना गं?"

इन्साने पाइप खाली घेतला आणि बघितले. मोटर बघितली, जीभ बघितली, तिची जागा ओळखणारा काचेचा बारीक डोळा पुसला, पट्ट्याचा ताण मोजला. चाक वाकडे तर नाही म्हणून फिरवून बघितले. पाइपला पकडणारे दोन्ही पंजे सोडून पुन्हा आवळले. बोर्डाच्या तारा बदलल्या. बाण रेघेसमोरच होता. दुपारी दोनपर्यंत तिला एवढेच ठामपणे सांगता आले असते की दिव्यात काहीही बिघाड नाही. दिवा बरोबर होता. बाईंची जागा चुकत होती. असे कसे होईल, हे तिला समजेना, आणि समजेना म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी आले. बावीस वर्षांत कामावर ती कधी रडली नव्हती.

तीन वाजता ती सायकलने ओको मास्टरांकडे गेली. ते चौऱ्याऐंशी वर्षांचे होते आणि कालव्याकाठच्या वृद्धाश्रमात राहत. दर शनिवारी ती जाईच. चहाची वेळ झाली होती. मास्टरांनी कपात खडीसाखरेचा खडा टाकला, वरून चहा ओतला. खडा तडतडला. कपाच्या कडेने सायीचा एक थेंब सोडला आणि न ढवळता कप तिच्यापुढे सरकवला.

"तोंड का पाडलंयस? कोण मेलं?"

"कुणी नाही. आल्मा चुकतेय."

तिने सगळे सांगितले. मास्टर एका कानाने बहिरे झाले होते. दुसरा कान तिच्याकडे करून ते ऐकत होते. क्लाराच्या चाकापाशी त्यांनी कप खाली ठेवला.

"किती चुकतेय?"

"हातभर. डावीकडे."

"आणि पट्टा कशावर लावलास?"

"बाणावर. कारखान्याच्या."

मास्टर हसू लागले. आधी खांदे हलले, मग सगळे शरीर, मग खोकला आला. तिने पाठीवर थोपटले.

"मास्टर, हसण्यासारखं काय आहे यात?"

"अगं पोरी, बरोबर लावलास म्हणून चुकतेय! आल्मा कधीच बाणावर नव्हती. एक दात मागे होती. पहिल्यापासून."

इन्साने कप हातात धरून ठेवला. "कुणी लावला होता एक दात मागे?"

"बाराही दिवे कुणी उघडले होते?"

खिडकीखालून बदकांची रांग गेली. इन्साने कप खाली ठेवला. तिला तिच्या ठिपक्यांची आठवण झाली. दर चार वर्षांनी, न चुकता, जुन्या जागेवरून नव्या जागेवर उतरवलेले ते पांढरे ठिपके. बाणाकडे तिने त्यानंतर एकदाही पाहिले नव्हते. स्वतःचा ठिपका असताना बाणाकडे कशाला पाहायचे?

"मी दात चुकवला?" ती म्हणाली.

"आत्ताची तू नाही. तेव्हाची तू. दहावा-अकरावा दिवा असेल, हात दुखत असतील."

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्या प्रयोगाच्या दोन दिवस आधी. सगळ्या हालचाली चकतीवर नोंदून झाल्या होत्या. मी वर चढलो होतो, झाकण उघडं होतं, बाण दिसला."

"आणि मला सांगितलं नाही! बावीस वर्षं!"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

"दुरुस्त केलं असतं."

"तेच. मग आल्माची प्रत्येक हालचाल पुन्हा नोंदायला लागली असती. आणि वरचे लोक तुझे तीन महिने मोजत बसले होते. टाइपरायटरवालीने पहिल्याच नाटकात दिवा चुकवला म्हटलं असतं, तर त्यांना हवंच होतं ते." त्यांनी पुन्हा चहा ओतला. "पण तू उगाच मला साधुसंत करू नकोस. त्या आठवड्यात आमची एक गाय विणार होती. मला घरी जायचं होतं."

इन्साला हसूही आले आणि रागही. "म्हणजे मी गायीमुळे नोकरीत राहिले?"

"बरेच जण त्याहून वाईट कारणांनी राहतात."

"नंतर तरी सांगायचं होतं. निवृत्त झालात तेव्हा."

"तेव्हा वाटलं, कधीतरी तुझं तुलाच दिसेल. मग लक्षात आलं की तू ती चूक इतकी जपून ठेवतेयस, खुणा करून करून, की आता तीच बरोबर झालीय." मास्टरांनी तिच्याकडे पाहिले. त्यांचे डोळे अजून चांगले होते. "थेडा तुझ्या दातावर चालते, इन्सा. बाणावर नाही. जा आणि ठेव तो जागेवर."

तिसरा कप राहू दे, याची तिकडची खूण म्हणून तिने चमचा कपात उभा ठेवला. तिसऱ्या कपाआधी उठणे तिकडे बरे दिसत नाही, पण मास्टरांनी आपणच तिचा कोट खुंटीवरून काढून दिला.

रविवारी सकाळी नऊला पाइप खाली आला. इन्साने झाकण काढले, ताणाचा स्क्रू सैल केला आणि पट्टा चाकावरून उचलला. एक दात. बोटांनी करायचे काम सेकंदाचे, पण तिची बोटे ऐकेनात. समोर बाण होता, रेघ होती, आणि आयुष्यभर तिने जे वाकडे होते ते सरळ केले होते. समजून-उमजून सरळाचे वाकडे तिने कधीच केले नव्हते. तिने पट्टा एक दात मागे घेतला आणि सोडला. स्क्रू आवळला. मग पांढऱ्या रंगाची बाटली उघडून दोन्ही चाकांवर ठिपके लावले. बाण आता रेघेच्या किंचित अलीकडे उभा होता. या खेपेला तिने त्याच्याकडे नीट पाहून घेतले.

सोन्के खाली उभा होता. "काय होतं शेवटी?"

"चूक होती."

"कुणाची?"

"माझी. परत बसवली."

सोन्केने बोर्डापाशी जाऊन वीज दिली. आल्मा उठली. बोर्डावरून शेवटचा प्रसंग लावला. थेडाबाईंना तालमीला यायचे नव्हते. त्यांनी फोनवर सांगितले होते, "एकदा पडले. दुसऱ्यांदा पडायचंच असेल तर लोकांसमोर पडेन." म्हणून इन्साच बाकावर जाऊन बसली. उजेड सरकत आला, तिच्या अंगावर चढला, लहान होत होत तिच्या हातांवर थांबला. स्पिरिटने फुटलेली कातडी, नखांत काळे तेल. तिने हात झटकन पाठीमागे घेतले.

"ठेव ना," सोन्के बोर्डापाशी बसून ओरडला. "छान दिसतायत."

"तू आपला आकडे बघ."

तीन वाजता प्रेक्षागृह भरले होते. बेटावरून आलेले लोक पहिल्या रांगांत होते. त्यांतल्या काही म्हाताऱ्या बायका पहिल्या प्रयोगालाही आल्या होत्या. इन्सा उजव्या विंगेत उभी होती. तिच्याशेजारी व्यवस्थापक, एक पाय पुढे टाकून, थेडाबाई पडल्या तर धावायच्या तयारीत.

थेडाबाईंनी खिडकी लावली. कडी घातली. बाहेर आल्या. वरून पंख्याचा तो ओळखीचा हलका सुस्कारा ऐकू आला आणि आल्माचा उजेड पुढे सरकला. इन्सा उजेडाकडे पाहत नव्हती. ती पावले मोजत होती. चार, पाच, सहा. सातव्याला थेडाबाई थबकल्या. उजेड थांबला नाही. चकतीवर जे लिहिले होते तेच तो करणार होता. तो पुढे गेला आणि बाकापाशी पोहोचला. थेडाबाई काठाबाहेर, अंधारात, एकट्या उभ्या राहिल्या. व्यवस्थापकाने पाऊल उचलले. इन्साने त्याची बाही धरली.

"थांबा."

"त्या घाबरल्यात."

"घाबरू द्या. थांबा."

थेडाबाईंनी तोंड किंचित वर केले, उन्हाचा अंदाज घेतात तसे. आठ. नऊ. दहाव्याला काठ त्यांच्या कोटाला लागला. अकराव्याला उजेड पूर्ण तोंडावर आला. त्या तिथे उभ्या राहिल्या. नाटकात लिहिले होते त्याहून बऱ्याच जास्त वेळ. मग त्या वळल्या, मागे न पाहता, हात न लावता, आणि बसल्या.

बाक किंचित करकरला. उजेड लहान होत गेला आणि त्या दोन जुन्या हातांवर टेकला. इन्साने व्यवस्थापकाची बाही सोडली तेव्हा तिच्या लक्षात आले की तिने ती चुरगाळून टाकली होती.

पडदा पडला, उठला, पडला. फुले आली. बेटावरचे लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. मग प्रेक्षागृह रिकामे झाले, रंगमंचावरचे लोक मागे केकच्या टेबलाकडे गेले आणि सोन्के बोर्ड बंद करायला आला. थेडाबाई अजून बाकावरच होत्या, मांडीवर फुले घेऊन.

"इन्सा आहे का तिथे?"

"आहे."

"आल्मा चालू आहे अजून? मला जरा उजेड जाणवतोय."

"चालू आहे. एकदा विझवली की थंड होईपर्यंत पेटत नाही."

"आणि उद्या?"

"उद्या खाली उतरवणार. पाचही."

थेडाबाईंनी फुले बाजूला ठेवली आणि बाकावर थोडे सरकून जागा केली. इन्सा कपड्यांना हात पुसत तिथपर्यंत गेली आणि त्यांच्याशेजारी बसली. दोघींच्या मध्ये, लाकडी फळीवर, आल्माचा तो हातांएवढा उजेडाचा गोल होता.

सोन्के बोर्डापाशी बटनावर बोट ठेवून उभा होता. "विझवू का?"

"थांब जरा," इन्सा म्हणाली.